पेटी लावून देता, तसा फूट कंट्रोलरही लावून द्या

पुण्या-मुंबईत वाद्यं विकणाऱ्या दुकानदारांना आणि वितरकांना,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातल्या एका गावात भजनाला पेटी वाजवतो. दिवसा बाजारात झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं छोटं दुकान चालवतो, संध्याकाळी देवळात बसतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काजूचे पैसे हातात आले, तेव्हा तुमच्यापैकी एकाकडून मी फूट कंट्रोलर घेतला. पायाने दाबायची आठ बटणं आणि एक पेडल, मिडीवर चालणारा. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना निरोप देतात ती भाषा. तो आजही माझ्याकडे आहे आणि आता नीट चालतो. पण नीट चालायला त्याला आठ महिने लागले. त्यातले बरेचसे महिने वाचले असते, ते कसे एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. दुकानाचं नाव घेत नाही. नंतर मी दुसऱ्या तीन ठिकाणी फोन करून पाहिला, उत्तरं तशीच आली. म्हणून पत्र सगळ्यांना.

आधी हे पेटीवाल्याला लागतं कशाला ते सांगतो, कारण फोनवर तिन्ही ठिकाणी हा प्रश्न आला. आमच्या वाडीत भजनाला एकेकाळी पंधरा-सोळा माणसं बसायची. आता तेवढी फक्त गणपतीत बसतात. चाकरमानी आले की सभामंडप भरतो, विसर्जन झालं आणि गाड्या सुटल्या की पुन्हा आम्ही चौघं. पखवाजाला आबा, टाळ-झांजेला दोघे भाऊ आणि पेटीवर मी. चौघांत गजर उठत नाही. कोरस म्हणणारे दोघं असले तर ते झांज वाजवणार की गाणार? म्हणून लाइव्ह लूपिंग. झांजेचं एक आवर्तन तिथल्या तिथे रेकॉर्ड करायचं, ते फिरत ठेवायचं, त्याच्यावर कोरसची ओळ चढवायची, मग भाऊ मोकळे होतात. आधीच भरून आणलेला ट्रॅक लावणं मला पटत नाही. ट्रॅक आबांच्या हाताप्रमाणे चढत-उतरत नाही. लूप त्याच रात्रीचा, त्याच लयीतला आणि आमच्याच माणसांचा असतो.

आणि पायच का? पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो, उजवा पट्ट्यांवर, तोंड गाण्यात. उरतात पाय. संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्याचे पाय भाता हाकायचे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असायचे. त्याला पायपेटीच म्हणत. पायाला काम देणं आपल्याकडे नवं नाही.

फूट कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही, आवाज वाहूनही नेत नाही. तो निरोप पाठवतो. अमुक चॅनलवर, अमुक नंबरच्या बटणाची किंमत आता इतकी झाली, बस. चॅनल एकूण सोळा, किंमत 0 ते 127. मिडी 1983 साली आली. अमेरिकेच्या सिक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका भाषेत बोलती केली. तेव्हाचं वाद्य आजच्या वाद्याला तारेने जोडलं तर अजूनही बोलतं. या भाषेबद्दल मला आदर आहे आणि माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. निरोप सांगणाऱ्याने एक सांगितलं आणि ऐकणाऱ्याने दुसरंच धरलं तर काय होतं, हे गिऱ्हाइकाला कोणीच सांगत नाही. तक्रार त्याबद्दल आहे.

सुरुवातीला माझ्याकडे लॅपटॉप नव्हता वापरात. जुना विकत घेतलेला, टेबलावर ठेवायचा लूपर, म्हणजे लूप धरून फिरवणारं यंत्र, होता. तुमच्या दुकानात फोनवर विचारलं की हा कंट्रोलर त्याला जोडता येईल का. उत्तर आलं, "दोन्हीला यूएसबी आहे ना सर? मग प्लग अँड प्ले." पार्सल आलं, केबल लावली, दिवे लागले आणि पुढे काही नाही. तीन दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. यूएसबीत एका बाजूला मालक लागतो, म्हणजे कॉम्प्युटरसारखं होस्ट असलेलं यंत्र. कंट्रोलरही जोडून घेणारा आणि लूपरही जोडून घेणारा, तर दोघं एकमेकांकडे बघत बसतात. दोन पाहुणे दारात उभे आणि घरात यजमानच नाही. हे तुमच्या काउंटरवरच्या माणसाला माहीत असतं तर पहिल्याच फोनवर मला कळलं असतं.

मग मिडीची तार. जुन्या वाद्यांना पाच टाचण्यांचा मोठा गोल जोड असतो. नव्या लहान यंत्रांना जागा वाचवायला हेडफोनसारखं बारीक भोक असतं. त्या बारीक जोडात दोन तारा कोणत्या टोकाला जोडायच्या याच्या दोन पद्धती बाजारात रुजल्या, ए आणि बी. 2018 साली मिडीच्या संघटनेने ए हीच प्रमाण ठरवली, पण त्याआधीचा माल बाजारातून नाहीसा झालेला नाही. माझा कंट्रोलर एका पद्धतीचा, लूपर दुसऱ्या. तुम्ही पाठवलेल्या तारेवर कोणती पद्धत ते छापलेलं नव्हतं. कुरिअर आमच्या गावात येत नाही, कणकवलीला जाऊन आणावं लागतं. पहिली तार आणायला एक दिवस, ती चालत नाही म्हणून परत पाठवायला एक दिवस, बदलून आलेली तीही तीच. शेवटी बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी प्लग उघडला, दोन तारांची अदलाबदल केली, डाग दिला आणि म्हणाले, "आता बघ." लूपरवरचा मिडीचा दिवा लुकलुकला. काकांनी पैसे घेतले नाहीत. मिडी म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण तारेची कोणती बाजू कुठे जाते हे विचारायचं त्यांना सुचलं. हा प्रश्न दुकानात कोणाला सुचला नाही.

दिवा लागला तरी चार नंबरचं बटण दाबलं की लूपरवर पाचवी मेमरी यायची. कंट्रोलर शून्यापासून मोजत होता, लूपर एकापासून. मिडीत आत सगळीकडे 0 ते 127 असतं, पण काही कंपन्या पडद्यावर 1 ते 128 दाखवतात, काही नाही. कळल्यावर सोपं आहे. कळायला मला एक आठवडा गेला, कारण मला वाटत होतं की माझा पाय चुकीच्या बटणावर पडतोय. मी अंधारात बटणं चाचपून बघायचो.

लूपरवर थर वेगवेगळे बंद करता येईनात. झांज थांबवून फक्त तंबोरा आणि कोरस ठेवायचा तर सगळंच थांबायचं. म्हणून माझ्या दुकानातला जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लूपरचं सॉफ्टवेअर टाकलं आणि कंट्रोलर यूएसबीने थेट जोडला. आता होस्ट होता, तारेचा प्रश्न नव्हता. सॉफ्टवेअरला शिकवायचं असतं. पडद्यावर रेकॉर्डवर क्लिक करायचं, पायाने बटण दाबायचं, ते ओळखतं. घरी चार दिवस सराव केला, छान चाललं. श्रावणातल्या सप्ताहात हे घेऊन बसायचं ठरलं.

त्या रात्रीचं जरा सविस्तर लिहितो. वाद्य विकताना ते कुठे जाऊन वाजणार आहे हे तुमच्या डोळ्यांसमोर यावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वाडीची पाळी रात्री बारा ते तीन. पाऊस कोसळत होता, पत्र्यावर इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. साडेअकराला वीज गेली आणि आली. सभामंडपात एकच बोर्ड, त्यात स्पीकर, लॅपटॉप आणि देवापुढच्या दिव्यांची माळ. लॅपटॉपची डावी बाजू खांबाला टेकत होती, म्हणून कंट्रोलरची केबल मी उजव्या बाजूला लावली. घरी ती डावीकडे असायची. एवढाच फरक. पण विंडोजने तो कंट्रोलर नवीन यंत्र म्हणून धरला, नावापुढे दोनाचा आकडा लावला, आणि सॉफ्टवेअरला जुन्या नावाचं काही सापडेना. घरी शिकवलेलं सगळं गेलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी घाईघाईने एकेक बटण पुन्हा शिकवलं. दाबून बघितलं, दिवा लागला, मला वाटलं झालं.

स्तवन, अभंग सुरळीत झाले. पहिल्या गजराला मोठ्या भावाने झांज घेतली. ठरलेलं असं की एक आवर्तन तो वाजवणार, मी ते धरणार, मग तो झांज खाली ठेवून कोरसला येणार. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मी पाय दाबला आणि उचलला. आठ मात्रांनी पुन्हा दाबायचा होता. पण पाय उचलल्याबरोबर स्पीकरमधून खळ्खळ्खळ्खळ् असा आवाज सुरू झाला. पाव सेकंदाचा झांजेचा तुकडा, सेकंदाला चार वेळा. मी थांबवायला पुन्हा दाबलं, तर त्यावर आणखी एक थर चढला. पुन्हा दाबलं, आणखी एक. आबांचा पखवाज थांबला. देवळात बसलेली बायामाणसं माझ्याकडे बघत होती. एका पोराने कानावर हात ठेवले. आबा शांतपणे म्हणाले, "बंद कर रे ता आदी." मी स्पीकरचा खटका खाली केला. तीन वाजेपर्यंत आम्ही चौघांनी जसं जमेल तसं भजन केलं. धाकटा भाऊ गाताना झांज वाजवत होता आणि त्याचा आवाज बसला. घरी जाताना आबा म्हणाले, "त्या यंत्राक ताल कळणा नाय रे." मला उत्तर देता आलं नाही.

काय झालं होतं ते महिन्याभराने कळलं. येणारे-जाणारे मिडीचे निरोप पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. विंडोजसाठी मिडी-ऑक्स नावाचं आहे, वैयक्तिक वापरासाठी फुकट. ते चालू केलं, कंट्रोलरचं पहिलं बटण दाबलं, तर पडद्यावर ओळ उमटली: नंबर 80, किंमत 127. पाय उचलला, तर दुसरी ओळ: नंबर 80, किंमत 0. म्हणजे बटण दाबताना एक निरोप जात होता आणि सोडताना दुसरा. घरी शिकवताना मी सॉफ्टवेअरला एका कोपऱ्यातल्या यादीतून सांगितलं होतं की फक्त 127 आला तरच हल. देवळात घाईत ती यादी राहिली. मग दाबताना रेकॉर्ड सुरू, सोडताना रेकॉर्ड बंद. पाय जितका वेळ खाली तितकाच लूप. यंत्राला ताल कळत नव्हता असं नाही, त्याला सांगितलं होतं तेवढं ते करत होतं.

आता जे लिहितो त्यासाठी हे पत्र आहे. माझ्या कंट्रोलरमध्येच एक सेटिंग होतं, सोडताना काहीही पाठवू नको असं. ते पहिल्या दिवसापासून आत होतं. ते लावलं असतं तर लॅपटॉप विसरला काय, केबल डावीकडे लावली काय उजवीकडे, त्या रात्री खळखळ झाली नसती. ते मला पाच महिन्यांनी सापडलं, परदेशातल्या एका वादकाने इंग्रजीत लिहिलेल्या मजकुरातून. खोक्यातल्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. तुम्हाला मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की सॉफ्टवेअरच्या कंपनीला विचारा. सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिलं की कंट्रोलरच्या कंपनीला विचारा. दोघांनी आपापल्या परीने खरंच सांगितलं. पण या दोघांच्या मध्ये उभा असलेला एकच माणूस आहे, ज्याने माझ्याकडून पैसे घेतले आणि ज्याच्याशी मी मराठीत बोलू शकतो. तो तुम्ही.

याच्या उलटाही घोटाळा असतो. काही कंट्रोलरमध्ये बटण खटक्यासारखं चालतं. पहिल्या दाबाला 127, दुसऱ्या दाबाला 0. सॉफ्टवेअर फक्त 127 ला हलणारं असेल तर एक सोडून एक दाब फुकट जातो. शेजारच्या तालुक्यातला एक गिटारवाला मुलगा दोन महिने समजत होता की त्याचं बटण खराब आहे. त्याने ते उघडून नवीन टाकलं, तेही तसंच वागलं. त्याला मी फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, कारण मी तोवर ते भोगून बसलो होतो.

समेचं एक सांगायलाच हवं, कारण भजनवाल्याचा जीव तिथे असतो. एका बटणाला दोन कामं देता येतात, आखूड दाबाला एक आणि लांब दाबाला दुसरं. बटणं कमी असली की हे फार सोयीचं वाटतं, मीही दिलं. तेव्हापासून लूप दर आवर्तनाला किंचित मागे पडल्यासारखा वाटायला लागला. पखवाजाची थाप पडते आणि लूपमधली झांज तिच्या मागून येते. मी तारेवर संशय घेतला. पण मिडीच्या तारेतून सेकंदाला 31,250 बिट जातात, बटणाचा पूर्ण निरोप सुमारे एक हजारांश सेकंदात पोचतो, आणि यूएसबी त्याहून वेगवान. तो दोष तारेचा नव्हता. लांब दाबाला काम दिलं की कंट्रोलरला दाबताक्षणी कळत नाही की हा आखूड आहे की लांब. म्हणून तो पाय उचलेपर्यंत थांबतो आणि मग निरोप पाठवतो. माझा पाय उचलायला समजा दीड दशांश सेकंद लागतं. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मात्रा चुकली. आणि लूप ती चूक दर आठ मात्रांनी तुमच्या कानाशी आणून सोडतो. आबांना पहिल्याच आवर्तनात कळलं होतं की काहीतरी मागे ओढतंय. मला कारण सापडायला सहा आठवडे लागले. आता रेकॉर्डच्या बटणाला मी दुसरं काम देतच नाही. हे एक वाक्य कोणी पेनाने खोक्यावर लिहून दिलं असतं तरी मी त्याचे आभार मानले असते.

तुम्ही पेटी विकता तेव्हा कसे वागता ते आठवा. मी माझी पेटी घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने मला बसवलं, चहा दिला आणि विचारायला सुरुवात केली. दोन सुरी की तीन सुरी? खर्ज-नर हवा की नर-नर? सूर पालिताण्याचे घालू? कपलर हवा का? गाणारे कोणत्या पट्टीत गातात, काळी दोन की पांढरी चार? भजनाला म्हणालात, मग भाता जरा मोठा घ्या, दमानं चालेल. माझ्याकडून पाच मिनिटं वाजवून घेतली, एक सूर कमी वाटला तो काढून घासून दिला. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला माणूस जवारी काढून, म्हणजे घोडी घासून तारांचा सूर खुलवून, घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. जवारी न काढता तंबोरा विकणाऱ्या कारागिराला लोक कारागीर म्हणणार नाहीत. ही रीत तुमच्याच धंद्यात आहे, मी कुठून बाहेरून आणलेली नाही.

वाद्य लावून घ्यावं लागतं हे मला मान्य आहे. आबा दर बैठकीला पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, गठ्ठे ठोकतात, त्याला अर्धा तास गेला तरी कोणी कुरकुर करत नाही. पण पखवाज उत्तर देतो. थाप मारली की कळतं, चढा आहे की उतरलेला. फूट कंट्रोलर दाबला की एक लाल दिवा लागतो आणि तो बरोबर असताना जसा लागतो तसाच चुकीचा असतानाही लागतो. आत काय गेलं हे ऐकायला कान नाही. म्हणून तो लावून देणाऱ्याची गरज पखवाजापेक्षा जास्त आहे.

माझं मागणं एवढंच की खोकं बंद करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, हा कशाला जोडणार. लॅपटॉपला, लूपरला, आयपॅडला? त्या यंत्राचं नाव घ्या आणि शक्य असेल तर तुमच्या बाकावर तसंच यंत्र जोडून आठही बटणं एकदा दाबून बघा. निरोप दाखवणारं सॉफ्टवेअर एका जुन्या लॅपटॉपवर कायम उघडं ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्यात तारेची पद्धत कळते, मोजणी शून्यापासून की एकापासून ते कळतं, सोडताना निरोप जातो की नाही ते कळतं. बारीक जोडाच्या तारा ठेवत असाल तर त्यांवर ए किंवा बी अशी चिठ्ठी डकवा.

आणि एक पान मराठीत द्या. पहिलं बटण कोणत्या चॅनलवर कोणता नंबर पाठवतं, दाबताना किती, सोडताना किती. सेव्ह कसं करायचं आणि केलं नाही तर वीज गेल्यावर काय होतं. कोकणात पावसाळ्यात वीज जाते हे काही अपवादाचं नाही. कंट्रोलरची सेटिंग बदलणाऱ्या एडिटर सॉफ्टवेअरला इंटरनेट लागतं का, तेही लिहा. माझ्या कंट्रोलरला लागत होतं. आमच्या घरी रेंज नाही, म्हणून फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलायला मी लॅपटॉप आणि कंट्रोलर पोत्यात घालून सड्यावर गेलो. जांभ्या दगडावर बसलो, मोबाइलचं नेट लावलं. अर्ध्यावर आलं असताना समुद्राकडून ढग चढताना दिसले. फर्मवेअर मधेच तुटलं तर यंत्र मरतं असं पडद्यावर लिहिलेलं. मी अंगातला शर्ट काढून त्यावर धरून बसलो होतो. झालं ते वेळेवर. पण हे तुमच्या दुकानात, वायफायवर, पार्सल पाठवण्याआधी होऊ शकलं असतं.

आणखी एक गोष्ट कोणीच विचारत नाही: बसून वाजवता की उभ्याने? हे कंट्रोलर बूट घालून उभं राहणाऱ्या गिटारवाल्याला नजरेसमोर ठेवून बनवलेले असतात. आम्ही मांडी घालून बसतो आणि देवळात वहाणा चालत नाहीत. अनवाणी पायाने ते टणक धातूचं बटण दहा-बारा वेळा दाबलं की तळव्याला वळ उठतो. आता मी पेटी स्टँडवर घेतो, बुटक्या स्टुलावर बसतो, आणि बटणांवर सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे चिकटवलेत. गावातल्या जुन्या माणसांना पेटीवाला स्टुलावर बसलेला आवडला नव्हता, आता सवय झाली. मऊ बटणांचे कंट्रोलर बाजारात आहेत हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर मी तेच घेतले असते, थोडे जास्त पैसे देऊन.

खाऱ्या हवेचं तुम्हाला कळायला हवं, कारण गंज वॉरंटीत धरला जात नाही असं कागदावर लिहिलेलं असतं. किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरवर ठेवलेलं बटण एका पावसाळ्यात आतून खराब होतं. संपर्क नीट बसत नाही, एक दाब दोन म्हणून मोजला जातो, आणि लूपरमध्ये एकाचे दोन दाब म्हणजे रेकॉर्ड सुरू होऊन लगेच बंद. पुन्हा तीच खळखळ, या वेळी वेगळ्या कारणाने. मी आता कंट्रोलर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि दिवाळीनंतर आतली बटणं कॉन्टॅक्ट क्लीनरने फवारून घेतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड असा पत्ता दिसला की पार्सलमध्ये हे दोन ओळींत लिहून टाका. सुटी बटणं विकायला ठेवा. ती फार महाग नसतात, पण इकडे मिळत नाहीत.

मी रागाने लिहीत नाही. देवळातल्या गेल्या सप्ताहात आम्ही पुन्हा तेच घेऊन बसलो. केबल डावीकडे, बटणं फक्त दाबताना बोलणारी, रेकॉर्डला एकच काम. भावाने झांज आठ मात्रा वाजवून खाली ठेवली आणि झांज वाजतच राहिली. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून तोंड वर करून कोरस म्हटला. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण लय किंचित वाढवली आणि मी नवा लूप धरेपर्यंत थांबले. ते थांबले म्हणजे त्यांनी त्या यंत्राला बैठकीत जागा दिली.

जिल्ह्यात अशा किती तरी वाड्या आहेत जिथे चौघंच उरलेत. त्यांच्यातलं कोणी ना कोणी तुम्हाला फोन करणार आहे. मी वापरतो तो कंट्रोलर आणि ते सॉफ्टवेअर या जोडीचं मराठी पान मी लिहून ठेवलं आहे, बटणांच्या नंबरांसकट. ज्या दुकानाला हवं असेल त्याला ते फुकट देईन, त्यावर माझं नाव नको. दुसऱ्या कंट्रोलरचं पान करायचं असेल तर तो मला आठ दिवसांसाठी पाठवा, कणकवलीपर्यंत पोचला की मी येऊन घेऊन जाईन. सेटिंग लावून, आठही बटणं तपासून, पान लिहून परत पाठवतो.

आपला,
मालवण तालुक्यातला एक पेटीवाला